हाताचे माप कोण घेणार?

मार्च २००० मध्ये अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या कचेरीने निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या अमेरिकन शाखेशी एक तडजोड केली. कंपनीने मुलांना हातमोजे पुरवावेत, असे त्या तडजोडीत ठरले. निन्टेन्डोच्या ‘मारिओ पार्टी’ या व्हिडिओ खेळातील काही चुरशींत कंट्रोलरवरील लहानशी दांडी शक्य तितक्या वेगाने गरगर फिरवावी लागे. अंगठ्यापेक्षा तळहाताने ती लवकर फिरते हे मुलांनी चटकन हेरले. आणि दांडीच्या टणक प्लॅस्टिकच्या टोकाने तळहाताची साले निघू लागली, फोड येऊ लागले. पालकांच्या तक्रारी सरकारपर्यंत गेल्या. तेव्हा दर कुटुंबामागे चारपर्यंत हातमोजे देण्याचे आणि राज्याच्या कायदेशीर खर्चापोटी ७५ हजार डॉलर भरण्याचे कंपनीने मान्य केले. सगळ्या ग्राहकांनी मोजे मागितले असते तर खर्च ८ कोटी डॉलरपर्यंत गेला असता, असा त्या वेळचा अंदाज होता.

या तडजोडीत एक गोष्ट मात्र झाली नाही. बाजारात गेलेली दांडी होती तशीच राहिली आणि हातावर आवरण चढले. २०२२ मध्ये हाच खेळ कंपनीने नव्या यंत्रावर पुन्हा उपलब्ध करून दिला, तेव्हा दांडी तळहाताने फिरवू नये अशी सूचना त्याच्यासोबत जोडलेली होती. इशारा छापणे हे वस्तू सुधारण्यापेक्षा नेहमीच स्वस्त पडते.

पोरांच्या खेळण्याविषयी एवढी गंभीर चर्चा कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु निन्टेन्डोच्या ‘स्विच’ या एकाच यंत्राची १५ कोटींहून अधिक नगांची विक्री झालेली आहे. इतकी माणसे जी वस्तू रोज तासन्‌तास हातात धरतात, तिला खेळणे म्हणून बाजूला सारता येणार नाही. कुदळीचा दांडा, विळ्याची मूठ, शिंप्याची कात्री यांच्याच पंक्तीत ती बसते. फरक असलाच तर इतका की, गावचा सुतार दांडा बसविताना तो कोणाच्या हाती जायचा हे पाहत असे. टोकियो किंवा रेडमंड येथे बसलेल्या अभियंत्याला एकच आकार कोट्यवधी हातांसाठी ठरवावयाचा असतो, आणि तो ठरविताना त्याच्या डोळ्यांपुढे एक ‘सरासरी हात’ असतो. हा सरासरी हात कोणाचा, हाच येथे खरा प्रश्न आहे.

१९७७ साली अमेरिकेत आलेल्या ॲटारीच्या यंत्राची जॉयस्टिक म्हणजे एक चौकोनी ठोकळा, त्यावर उभी दांडी आणि डाव्या कोपऱ्यात एक लाल बटन. डाव्या हाताने ठोकळा धरून बटन दाबावयाचे आणि उजव्या हाताने दांडी हलवावयाची, अशी ती रचना होती. डावखुऱ्यांनी आपले काय ते पाहून घ्यावे! पुढे १९८२ मध्ये निन्टेन्डोचे गुनपेई योकोई यांनी ‘डॉन्की काँग’ या खिशात मावणाऱ्या खेळासाठी अधिकच्या चिन्हासारखी चपटी कळ योजिली. ते यंत्र पुस्तकासारखे मिटत असे. उभी दांडी त्यात मावणे शक्य नव्हते. जागेच्या अडचणीतून निघालेली ही युक्ती अत्यंत कल्पक होती, यात शंका नाही. मात्र तिच्याबरोबर दिशा देण्याचे काम उजव्या हाताकडून डाव्या अंगठ्याकडे गेले, आणि जगभरच्या खेळाडूंचे अंगठे आजतागायत त्याच शिरस्त्याने चालत आहेत.

१९८३ मध्ये जपानात आलेल्या ‘फॅमिकॉम’चे कंट्रोलर यंत्राला कायमचे जोडलेले होते, वायर तुटली की सगळे यंत्रच उघडावे लागे. सुरुवातीची चौकोनी रबरी बटने अडकत असत म्हणून ती पुढे बदलून गोल करण्यात आली. १९८५ मध्ये अमेरिकेत गेलेल्या याच यंत्राच्या भावंडाचा कंट्रोलर सुटा झाला खरा, पण आकार जुनाच, काडेपेटीसारखा. चार कोपरे तळहातात टोचत. १९९० च्या दशकात महाराष्ट्रातील शहरांत आणि तालुक्याच्या गावांत घरोघर जे स्वस्त नकली संच आले, त्यांचे ‘रिमोट’ बहुधा याच घडणीचे होते. उन्हाळ्याच्या सुटीत अंगठ्याला घट्टे पाडून घेतलेली ती पिढी आता चाळिशीत आहे. हा आकार आतील विद्युत्‌पट्टीच्या सोयीने ठरला होता; हाताचा विचार त्यात नंतर आला. कोपरे गोल झाले, वर तर्जनीसाठी दोन कळा आल्या, त्या १९९० च्या ‘सुपर फॅमिकॉम’ला. १९९४ मध्ये सोनीने ‘प्लेस्टेशन’च्या कंट्रोलरला खाली दोन मुठी दिल्या आणि प्रथमच तळहाताला काही धरावयास मिळाले. याचे श्रेय त्या रचनाकारांना दिलेच पाहिजे.

डॉक्टरांच्या हे लक्षात आधीच आले होते. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या मान्यवर वैद्यकीय नियतकालिकात १९८१ मध्ये एका व्हिडिओ खेळाच्या नावाने ओळखल्या गेलेल्या मनगटदुखीची नोंद आली. १९९० मध्ये तेथेच ‘निन्टेन्डिनायटिस’ या थट्टेखोर नावाने अंगठ्याच्या दुखण्याविषयी पत्र प्रसिद्ध झाले. त्यातील रुग्ण कोणी शाळकरी पोर नव्हते. ३५ वर्षांची एक स्त्री सलग पाच तास खेळली होती. विडी वळणाऱ्या स्त्रीचा किंवा टंकलेखकाचा हात दुखतो तेव्हा त्याला थट्टेचे नाव मिळत नाही. खेळाने दुखलेल्या हाताला मिळते, आणि त्यामुळे तक्रारीचे वजनही कमी होते.

बाजार आपल्या चुका आपणच सुधारतो, असा युक्तिवाद या सगळ्या इतिहासावरून केला जातो. त्यासाठी मायक्रोसॉफ्टच्या ‘एक्सबॉक्स’चे उदाहरण तपासून पाहण्यासारखे आहे. २००१ मध्ये अमेरिकेत या यंत्राबरोबर आलेला कंट्रोलर इतका अवाढव्य होता की लोकांनी त्याला ‘ड्यूक’ असे नाव दिले. लहान हाताच्या माणसाचा अंगठा दूरच्या बटनापर्यंत सहज पोहोचत नसे. २००२ मध्ये यंत्र जपानात न्यावयाचे ठरले तेव्हा तेथील हातांसाठी वेगळा, लहान कंट्रोलर तयार करण्यात आला. आणि तो इतका सोयीचा निघाला की थोड्याच काळात अमेरिकेतही तोच रूढ झाला. म्हणजे लहान हात अमेरिकेतही होतेच. ते स्त्रियांचे होते, मुलांचे होते, कित्येक पुरुषांचेही होते. परंतु त्या हातांसाठी माप बदलावे असे आरंभी वाटले नाही. एक नवी बाजारपेठ हातची जाईल असे दिसले तेव्हा माप बदलले. दुसऱ्या बाजूने, मोठ्या पंजाच्या लोकांना तो ‘ड्यूक’च आवडत होता, आणि २०१८ मध्ये दुसऱ्या एका कंपनीने तो पुन्हा विकावयास काढला. हात निरनिराळे असतात. चपलेला नंबर असतो, सदऱ्याला माप असते, सायकलची सीट वर-खाली करता येते. बड्या कंपन्या मात्र यंत्राबरोबर सर्वांना एकाच मापाचा कंट्रोलर देतात आणि त्यालाच सुखकर म्हणतात.

ज्यांचे हात चालतच नाहीत त्यांच्याबाबत हा हिशेब अधिक स्पष्ट दिसतो. १९८९ मध्ये निन्टेन्डोने छातीवर बांधावयाचा, हनुवटीने आणि नळीतून श्वास ओढून-फुंकून चालविण्याचा कंट्रोलर १२० डॉलरला विकला होता. तंत्र अवघड नव्हते, हे त्यावरून सिद्ध होते. तरीही त्यानंतर जवळजवळ तीन दशके अपंग खेळाडूंची गरज भागविली ती प्रामुख्याने छोट्या सेवाभावी संस्थांनी आणि घरच्या घरी तारा जोडणाऱ्या हिकमती कारागिरांनी. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने अशाच संस्थांना बरोबर घेऊन ‘ॲडॅप्टिव्ह कंट्रोलर’ काढला. त्यावर दोन मोठ्या तबकड्या आहेत आणि मागे १९ छिद्रांची रांग आहे. ज्याला जी कळ जमेल ती त्याने तेथे जोडावी, पायाने, कोपराने, डोक्याने चालवावी. ज्या खोक्यात तो येतो ते खोकेही बोटांची ताकद नसलेल्या माणसाला उघडता यावे असे केलेले आहे. सोनीने डिसेंबर २०२३ मध्ये आपला असा कंट्रोलर आणला. ही कामगिरी खरोखर मोठी आहे. पण बाहेरून जोडावयाच्या कळांची किंमत वेगळी द्यावी लागते, आणि सर्वसाधारण माणसाला जे यंत्राच्या खोक्यातच मिळते त्यासाठी अपंगाला दुसऱ्यांदा पैसे मोजावे लागतात.

वस्तूचे सुख ती नवी असतानाच मोजून चालत नाही. आजच्या बहुसंख्य कंट्रोलरांतील दांडीखाली कार्बनचा पातळ लेप दिलेली पट्टी असते. तिच्यावरून धातूची लहान जीभ सरकते आणि कोठे किती विद्युत्‌रोध आहे त्यावरून दांडीची जागा यंत्राला कळते. घासून घासून लेप झिजतो. मग कोणी हात लावला नसतानाही पडद्यावरचा गडी आपोआप एकीकडे चालू लागतो. २०१७ च्या ‘स्विच’च्या चिमुकल्या कंट्रोलरांत हा दोष इतका बोकाळला की जून २०२० मध्ये कंपनीच्या अध्यक्षांना भागधारकांपुढे दिलगिरी व्यक्त करावी लागली. जानेवारी २०२१ मध्ये युरोपातील ग्राहक संघटनांच्या महासंघाने जवळजवळ २५ हजार तक्रारी पुढे ठेवून युरोपीय आयोगाकडे दाद मागितली. अखेर एप्रिल २०२३ मध्ये, हमीची मुदत संपलेली असली तरी युरोपात दुरुस्ती विनामूल्य करून देण्याचे कंपनीने मान्य केले. येथेही सुधारणा घडविली ती संघटित ग्राहकांनी. विक्री बुडते तेथे बाजाराला जाग येते. विक्री झाल्यानंतर जे बिघडते त्याची झळ त्याला लागत नाही. उलट दुसरा जोड खपतो.

झिजणार नाही अशी दांडी करता येत नाही, असेही नाही. सेगा कंपनीच्या १९९८ च्या ‘ड्रीमकास्ट’मध्ये दांडीची जागा चुंबकाच्या साह्याने ओळखली जात असे, घासणारी पट्टीच नाही, त्यामुळे ती झिजण्याचा प्रश्नही नाही. पाव शतकापूर्वीची ही विद्या आज लहान कारखानदार स्वस्त कंट्रोलरांतही वापरतात. आणि निन्टेन्डोने आपल्या कंट्रोलरला तीन पाकळ्यांचा असा पेच बसविला आहे की साध्या पेचकसाने तो उघडू नये!

जो हात हे पेच बसवितो त्याचीही दखल घेणे प्राप्त आहे. चीनमधील वूहान येथे फॉक्सकॉनच्या कारखान्यात ‘एक्सबॉक्स’च्या जोडणीवर काम करणारे सुमारे १५० कामगार जानेवारी २०१२ मध्ये कारखान्याच्या छतावर चढले आणि त्यांनी उड्या टाकण्याचा इशारा दिला. वाद कामाच्या जागेच्या बदलाचा आणि मोबदल्याचा होता. त्याच वर्षी यानताई येथील कारखान्यात १४ वर्षांची मुले ‘प्रशिक्षणार्थी’ म्हणून राबत असल्याचे फॉक्सकॉनला कबूल करावे लागले. खेळणाऱ्याच्या अंगठ्याचा कोन मोजण्यासाठी प्रयोगशाळा असतात. जोडणीवर उभ्या असलेल्या मुलाच्या बोटांसाठी नसतात.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील कारागीर जुन्या दांडीची झाळ काढून नवी दांडी बसवून देतात आणि कचऱ्यात जाणारा कंट्रोलर पुन्हा चालू होतो. हे काम ते कंपन्यांच्या मदतीशिवाय, मिळतील त्या सुट्या भागांवर करतात. डिसेंबर २०२२ मध्ये भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी माहितीचे एक दालन सुरू केले. त्यात कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती स्वखुशीने द्यावी अशी अपेक्षा आहे; सुटे भाग खुल्या बाजारात दिलेच पाहिजेत, असे बंधन त्यातून येत नाही. युरोपने याहून पुढचे पाऊल टाकले आहे. तेथील बॅटरीविषयक कायद्यानुसार, काही अपवाद वगळता, १८ फेब्रुवारी २०२७ पासून हाताळावयाच्या उपकरणांतील बॅटरी ग्राहकाला साध्या हत्याराने काढून बदलता आली पाहिजे. मायक्रोसॉफ्टच्या साध्या कंट्रोलरात पेन्सिल सेल घालता येतातच. इतरांना आपली रचना बदलावी लागेल. युरोपसाठी बदललेला तोच कंट्रोलर भारतात येईल की न उघडणारा जुना माल इकडे वळविला जाईल, याचा निर्णय कंपन्यांच्या मर्जीवर न सोडता ग्राहक व्यवहार विभागाने त्या तारखेपूर्वी करावयास हवा.