मागच्या सीटवर कोण बसणार, ते आधी पाहा



सोयाबीन विकून झाले किंवा उसाचे बिल खात्यावर जमा झाले, की पुष्कळ घरांत एक विषय हमखास निघतो. जुनी फटफटी काढून टाकावी आणि नवी घ्यावी. परवा तालुक्याच्या बाजारात एक बापलेक याच विषयावर हमरीतुमरीवर आलेले पाहिले. मुलाला उंच टांगेची, डोंगरदऱ्यांत चालणारी गाडी हवी होती. बापाचे मन बुटक्या, रुंद बैठकीच्या, हमरस्त्याने निवांत लांब जाणाऱ्या गाडीवर होते. मुद्दे दोघांजवळही होते. पण जिला मागे बसून तुळजापूरला, पंढरपूरला आणि माहेरी जायचे, ती माउली पिशवी घेऊन बाजूला उभी होती आणि तिला कोणी काही विचारीत नव्हते. म्हणून आज खतबियाणे बाजूला ठेवून या विषयावर चार शब्द लिहितो.

पहिल्या जातीला ॲडव्हेंचर आणि दुसरीला टुरिंग म्हणतात. दोन्हींचा उगम परदेशात झाला. लांबच्या डांबरी प्रवासाची गाडी म्हणून होंडाची गोल्ड विंग १९७५ मध्ये आली, तर डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींवर चालणारी मोठी गाडी म्हणून बीएमडब्ल्यूची आर ८० जी/एस १९८० मध्ये निघाली. त्या गाड्या आपल्या कामाच्या नाहीत. आपल्याकडे त्याच धर्तीच्या लहान गाड्या मिळतात. उदाहरणासाठी रॉयल एनफिल्डच्याच दोन घेऊ, म्हणजे कंपनीचा वाद नको. टुरिंगच्या बाजूची मिटिओर ३५० आणि ॲडव्हेंचरची हिमालयन ४५०.

वजनात फारसा फरक नाही. मिटिओर सुमारे १९१ किलो, हिमालयन सुमारे १९६ किलो. फरक आहे तो उंचीत. मिटिओरची चालवणाऱ्याची बैठक जमिनीपासून ७६५ मिलिमीटरवर आहे, हिमालयनची ८२५ वर. म्हणजे साधारण सव्वादोन इंचांचा फरक. ऐकायला किरकोळ वाटतो. पण मध्यम उंचीच्या माणसाचे पाय एका गाडीवर जमिनीला सपाट टेकतात आणि दुसरीवर नुसते चवडे टेकतात. मागची बैठक तर याहूनही वर असते.

आता मागे बसणारी व्यक्ती कशी चढते ते डोळ्यांसमोर आणा. ती डाव्या बाजूने येते, तुमच्या खांद्यावर हात ठेवते आणि डाव्या फूटरेस्टवर सगळा भार देऊन वर येते. त्या क्षणी तिचे पन्नास-पंचावन्न किलो गाडीच्या डाव्या बाजूला लोंबकळतात. तुमचा डावा पाय घट्ट टेकलेला असेल तर काही बिघडत नाही. पण नुसता चवडा टेकलेला असेल आणि तोही चाकोरीत किंवा खडीवर, तर दोनशे किलोची गाडी दोघांना घेऊन आडवी होते. मागे माणूस घेतलेल्या गाडीला पडायला वेग लागतो असे नाही. अशा कितीतरी गाड्या जागच्या जागी, दुकानापुढे किंवा बांधाच्या कडेला पडतात. गुडघा किंवा मनगट मोडायला तेवढे पुरते, आणि ऐन सुगीत घरातली एक माणूस दीड-दोन महिने बसून राहिली तर काय होते ते तुम्हाला मी सांगायला नको.

मग उंच गाडी घ्यावीच कशाला? तिचे गुणही खरे आहेत. हिमालयनचा तळ जमिनीपासून २३० मिलिमीटर वर आहे, मिटिओरचा १७०. चाकांना वरखाली व्हायला सुमारे २०० मिलिमीटर वाव आहे आणि पुढचे चाक २१ इंची आहे. मोठे चाक खड्ड्यात उतरण्याऐवजी त्यावरून जाते, हे बैलगाडीचे चाक पाहिलेल्याला पटवून द्यावे लागत नाही. पाणंदीतला दगड टुरिंग गाडीच्या पोटाला घासतो, हिला घासत नाही. मागे बसणाराच्या कण्याला बसणारे हादरेही खराब रस्त्यावर हिच्यात कमी. चढउतार तेवढा जमला पाहिजे.

म्हणून माझे सांगणे असे की आठवड्याचा हिशेब मांडा. दोघे मिळून किती मैल डांबरावर जाता आणि किती पाणंदीने? एकटे रानात जाता ते यात धरू नका. बहुतेक घरांत असे दिसेल, की जोडीचा प्रवास बाजार, दवाखाना, लग्नकार्य आणि देवदर्शनाचा, म्हणजे डांबरीच. अशांनी बुटकी गाडी घ्यावी, आणि यात मला तरी शंका वाटत नाही. ज्यांची वस्ती कच्च्या रस्त्याला दोन-तीन मैल आत आहे, चालवणारा उंच आहे आणि मागची व्यक्ती दोन्हीकडे पाय टाकून बसते, त्यांनी ॲडव्हेंचरचा विचार अवश्य करावा. मात्र काळ्या रानातल्या पावसाळी चिखलात कोणतीच गाडी दोघांना घेऊन धड जात नाही. तेवढा टप्पा मागच्या माणसाने खाली उतरून चालावा. त्यात कमीपणा नाही.

खिशाचाही फरक आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीवर जीएसटी १८ टक्के झाला आणि त्यावरच्या गाडीवर ४० टक्के. मिटिओर ३४९ सीसीची, म्हणून खालच्या करात बसते. हिमालयन ४५२ सीसीची, ती वरच्या.

आता मुख्य गोष्ट, बसण्याची पद्धत. आपल्याकडे बायका एका अंगाने, दोन्ही पाय डावीकडे सोडून बसतात. यात मागचा भार मधोमध राहत नाही आणि चालवणारा नकळत उजवीकडे झुकून तोल सांभाळतो. अचानक ब्रेक लागला किंवा गतिरोधक दिसला नाही, तर तिला पायांनी गाडी धरता येत नाही. एक हात पिशवीत, दुसरा कुठेतरी, आणि ती पाठीवर पडते. आमच्या भागात अशा एका गतिरोधकावर डोक्याला मार लागून एक आजी गेल्या. वेग फार नव्हता, आणि हेल्मेट घरी खुंटीला होते. उंच गाडीवर हा धोका वाढतो, कारण पडायची उंची वाढते. ज्यांना एका अंगानेच बसायचे आहे त्यांच्यासाठी ॲडव्हेंचर गाडी घेऊच नये. शक्य असेल तर दोन्हीकडे पाय टाकून बसण्याची सवय करावी. सलवार-कमीज असेल तर अडचणच नाही, आणि जाता जाता सांगतो, काष्ट्याची नऊवारी या कामी सहावारीपेक्षा कितीतरी सोयीची आहे! लोक काय म्हणतील हा प्रश्न दोन दिवस टिकतो.

पदर आणि ओढणी मात्र घट्ट खोचलेली हवी. मागच्या चाकात कापड गुंतू नये म्हणून चाकाचा निम्मा भाग झाकणारे संरक्षण, हाताला धरायची कडी आणि पाय ठेवायची जागा असलीच पाहिजे, असे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ सांगतात. आपण त्याला साडीगार्ड म्हणतो. गाडी रुबाबदार दिसावी म्हणून तरुण पोरे ते पहिल्याच आठवड्यात काढून टाकतात. काढू देऊ नका. कायद्याने मागे एकच माणूस बसू शकतो आणि हेल्मेट दोघांनाही लागते. टाकीवर पोर, मागे बायको आणि मध्ये दुसरे पोर, हे चित्र आपल्याकडे रोज दिसते, म्हणून ते बरे ठरत नाही.

मागे माणूस बसला की गाडी बदलते, हेही ध्यानात घ्या. बैलगाडीत माल मागे जास्त भरला तर गाडी उलाळ होते, जू वर उचलते. तसेच इथे होते. मागचा शॉक दबतो, पुढचे चाक हलके पडते, हँडल उडाल्यासारखे वाटते. रात्री दिव्याचा झोत वर जाऊन समोरच्याच्या डोळ्यांत शिरतो आणि आपल्यापुढचा खड्डा अंधारात राहतो. यावर उपाय सोपा आहे. मागच्या शॉकचा ताण वाढवता येतो, मिटिओरला त्यासाठी सहा खाचा आहेत. मागच्या टायरची हवा दोघांसाठी वेगळी असते, आकडा गाडीच्या पुस्तकात दिलेला असतो. एकट्याची हवा ठेवून दोघे घाटात गेलात, तर वळणावर गाडी लोळल्यासारखी चालते. १२५ सीसीवरील गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस ब्रेक सक्तीचे आहेत. हिमालयनवर मागचा एबीएस बंद करण्याची सोय आहे. मागे माणूस असताना ती वापरू नये. ओझे न्यायचे तर ते दोन्ही बाजूंना सारखे आणि खाली बांधा. मागच्या कॅरिअरवर उंच रचलेले पोते सर्वांत वाईट.

दुकानात जाताना घरच्या मंडळींना बरोबर न्या. ज्या कपड्यांत त्या रोज बसतात त्याच कपड्यांत न्या. गाडी उभी असताना त्यांना पाच वेळा चढायला-उतरायला सांगा. पाय फूटरेस्टवर नीट पोचतो का, गुडघा फार मुडपतो का, कडी हाताला येते का, उजवीकडच्या सायलेन्सरला पोटरी लागते का, हे त्यांनाच विचारा. दोन्ही पाय टाकून बसणाऱ्याला हा चटका हमखास बसतो. मग दोघांनी दोन-तीन मैलांची चक्कर मारा, आणि त्या वाटेवर निदान एक गतिरोधक आणि थोडा कच्चा रस्ता असू द्या. परत आल्यावर किंमत विचारण्याआधी मागे बसलेल्या माणसाचे ऐका. गाडी पसंत पडली तर साडीगार्ड आणि दुसरे हेल्मेट त्याच दिवशी घ्या, आणि शॉकच्या खाचा फिरवायचा पाना सामानाच्या पिशवीत आहे की नाही ते दुकानातच पाहून घ्या.