तळणीत टिपलेला सूर्याचा मुकुट

‘करोना’ म्हटले की आमच्या वर्गातली मुले अजूनही मास्क आणि लॉकडाऊनच सांगतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ मात्र मुकुट. सूर्याच्या सर्वांत बाहेरच्या वातावरणाचे हे नाव त्या आजाराच्या कितीतरी आधीचे आहे.

हा मुकुट सूर्याभोवती रोजच असतो. पण सूर्यबिंब त्याच्यापेक्षा सुमारे दहा लाख पट तेजस्वी, म्हणून तो दिसत नाही. खग्रास ग्रहणात चंद्राने बिंब पूर्ण झाकले की तो पांढऱ्या प्रभेसारखा उजळतो. नवल असे की सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे 5,500 अंश सेल्सिअस आणि या विरळ थराचे दहा लाखांहून अधिक! चुलीपासून दूर जावे आणि आच वाढावी, तसेच हे. हे कोडे उलगडण्यासाठीच 2023 मध्ये भारताने ‘आदित्य-एल1’ यान पाठवले.

आपल्या यवतमाळकरांना रेल्वेसाठी धामणगाव गाठायची सवय. त्याच मार्गावरच्या तळणीला 22 जानेवारी 1898 रोजी खग्रास ग्रहण पाहायला इंग्लंडहून अभ्यासक आले होते. त्यांत ॲनी माँडर ही गणितज्ञ बाई होती. ग्रिनिचच्या वेधशाळेतली नोकरी तिला लग्नामुळे सोडावी लागली होती. अभ्यास तिने सोडला नाही. अंधाराची जेमतेम दोन मिनिटे मिळाली. तेवढ्यात तिच्या छोट्या कॅमेऱ्याने मुकुटाचा जवळपास एक कोटी किलोमीटर लांब किरण टिपला. एवढा लांब किरण तोवर कोणी टिपला नव्हता. तरी लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने तिला सदस्यत्व दिले ते 1916 साली.

आपल्या घरांत अजूनही ग्रहण लागले की मुलींना आत बसवतात, गरोदर सुनेला सुरीला हात लावू देत नाहीत. पैगंबर (स.) यांचे लहानगे इब्राहिम वारले त्या दिवशी ग्रहण लागले होते. लोकांनी दोन्हींचा संबंध जोडला, तेव्हा कोणाच्या जगण्या-मरण्याने ग्रहण लागत नाही, हे त्यांनी स्पष्ट केले आणि नमाज पढायला सांगितले. मग आपण भीती कुठून आणली?

2 ऑगस्ट 2027 रोजी मक्केत खग्रास ग्रहण असेल, महाराष्ट्रात खंडग्रास. नमाज अदा करावी, मग मुलींनाही अंगणात न्यावे. मात्र प्रमाणित ग्रहण-चष्म्याशिवाय सूर्याकडे पाहू नये. काजळी धरलेली काच किंवा एक्स-रेची फिल्म चालत नाही. आणि दहावीनंतर एखादी मुलगी विज्ञान शाखा मागत असेल, तर ‘लग्नानंतर काय उपयोग’ म्हणण्याआधी तिला तळणीची ही हकीकत जरूर सांगावी.