वाणाचा डबा परत आला

यंदा संक्रांतीला भद्रावतीच्या घरी होतो. हळदीकुंकवाहून आई गुलाबी झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घेऊन आली. आत तिच्याच अक्षरातली चिठ्ठी! तीन वर्षांपूर्वी तिनेच लुटलेलं वाण, गावभर फिरून, न वापरता परतलं होतं.

राज्याच्या २०१८च्या प्लॅस्टिकबंदीत पिशव्या गेल्या (कागदोपत्री तरी). हे डबे टिकाऊ म्हणून सुटले. पण कुणालाच नको असलेली वस्तू टिकाऊ असणं हाच तिचा दोष.

'वाण नवंच लागतं' म्हणणाऱ्यांनी सुगडात बघावं: बोरं, हरभरा, उसाचं कांडकं, तीळ. सगळं शेतातलं, आठवड्यात संपणारं. सुगडही मातीचं. ग्रामोदय संघाच्या मातीकामासाठी ओळखल्या जाणाऱ्या गावाला तरी प्लॅस्टिक वाटताना संकोच वाटावा!

आईला म्हटलं, पुढच्या वर्षी परसातल्या वालाच्या बिया पुडीत बांधून दे.

"लोकं कंजूस म्हणतीन ना!"

म्हणजे आपली ऐपत दाखवायची आणि अडगळ दुसऱ्याच्या माळ्यावर ठेवायची. तीही फक्त सवाष्णींच्या. शेजारच्या विधवा काकूंना ना डबा, ना बोलावणं.

याच काकूंचा पेन्शनसाठीचा हयातीचा दाखला मी नोव्हेंबरात मोबाइलवरून काढून दिला होता. इंजिनिअरिंगच्या पदवीचा गल्लीला झालेला बहुधा पहिला उपयोग. त्यांनी वाटीभर लिंबाचं लोणचं दिलं. वाटी रिकामी कशी परत करायची, म्हणून आईने तिच्यात मूठभर वाल घातले. तेव्हा तिला कुणी कंजूस म्हणेल असं वाटलं नव्हतं.