पंधरा लाख, पंधरा कोटी आणि दहाचा घात

'आदित्य-एल१' हे यान ६ जानेवारी २०२४ रोजी नियोजित कक्षेत स्थिरावले, तेव्हा भारत सूर्याजवळ पोहोचला असा समज करून घेणारे वाचक कमी नव्हते. दोष सर्वस्वी त्यांचा नव्हता. यान पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर, तर सूर्य सुमारे १५ कोटी किलोमीटरवर. दोन्हीकडे तेच १५. घाईने वाचणाऱ्याच्या मनात लाख आणि कोटी ही पदे 'फार दूर' एवढ्याच अर्थाने उरतात. हीच अंतरे १.५ × १०^६ आणि १.५ × १०^८ किलोमीटर अशी लिहिली, की घातांकांतील २ चा फरक डोळ्यांत भरतो: यान सूर्यापर्यंतच्या अंतराच्या जेमतेम शंभराव्या भागावर आहे. शिवाय १५,००,००० असे लिहिल्यास त्यातील किती शून्ये मोजलेली आणि किती जागा भरणारी, हे कळत नाही, १.५ मध्ये दोनच अंक खात्रीचे, हे उघड असते.

दिल्लीहून निघणाऱ्या विज्ञानवार्ता मराठीत येईपर्यंत मिलियनचे दशलक्ष, बिलियनचे अब्ज आणि ट्रिलियनचे लाख कोटी होतात. संख्यांची नावे मुळातच स्थिर नाहीत. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त खर्व म्हणजे १०^१०. दिल्लीच्या हिंदी वर्तमानपत्रांतील खरब म्हणजे १०^११. शब्द तोच, किंमत दहापट. ब्रिटिशांचा बिलियनही जुन्या पुस्तकांत १०^१२ होता, आज १०^९ आहे. परार्धापर्यंत, म्हणजे १०^१७ पर्यंत, नावे देणाऱ्या परंपरेचा अभिमान रास्तच. पण मापनाच्या वार्तेत घात आधी यावा, नाव सोबतीला.

सूक्ष्माच्या बाजूला तर नावेही साथ सोडतात. नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत प्लॅटिनम-इरिडियमचा ५७ क्रमांकाचा किलोग्रॅम जपलेला आहे. २० मे २०१९ पासून मात्र जगभर किलोग्रॅमची व्याख्या प्लांकच्या स्थिरांकावर उभी आहे: ६.६२६०७०१५ × १०^-३४ जूल-सेकंद. घाताविना लिहायचे तर दशांशचिन्हानंतर ३३ शून्ये मांडावी लागतील. त्यांतले एक गळले, की किंमत दहापट.

घातांकामुळे आकारमानाची जाणीव बोथट होते, हा आक्षेप मात्र खोडून काढण्याजोगा नाही. ६ आणि ८ शेजारी वाटतात. त्यांमागची शंभरपट लपते. म्हणून घाताला ओळखीच्या वस्तूची जोड हवी. दिल्लीच्या हिवाळ्यात रोज चर्चेत असणाऱ्या पीएम २.५ कणांची २४ तासांची भारतीय मर्यादा दर घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम, म्हणजे ६ × १०^-५ ग्रॅम आहे. ३० घनमीटरच्या खोलीत ही मर्यादा गाठायला १.८ × १०^-३ ग्रॅम धूळ पुरते. चिमूटभर मिठाहून कितीतरी कमी. 'मायक्रो'च्या जागी 'मिली' छापले गेले तर आकडा हजारपट फुगतो, आणि मोठे आकडे ऐकून सरावलेल्या वाचकाला ते खटकेलच असे नाही.

एक अडचण अगदी साधी आहे. वर चढवलेला घातांक नक्कल करताना खाली घसरतो आणि दहाचा सहावा घात १०६ होऊन पुढे फिरत राहतो. समाजमाध्यमांवर ती सोय होईपर्यंत '^' ही खूण, दिसायला कितीही ओबडधोबड असली, तरी चालवून घ्यावी.