घाम पहिल्या दिवसाचा, औषध नव्वद दिवसांनंतर

कामगाराच्या घामाला कोणताही देश ताटकळत ठेवीत नाही. परदेशातून आलेला मजूर विमानातून उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी शेतात, खाटीकखान्यात, बांधकामावर किंवा वृद्धांच्या शुश्रूषेस उभा राहिला, तर त्या क्षणापासून त्याचे श्रम त्या देशाच्या संपत्तीत जमा होऊ लागतात. पहिल्याच पगारातून त्याचा आयकर कापला जातो. परंतु तोच मजूर आजारी पडला की राज्यसंस्थेला एकाएकी पंचांग आठवते. तो कोणत्या तारखेला आला, किती दिवस राहिला, त्याच्या परवान्याचे किती महिने उरले, याचा हिशेब सुरू होतो. श्रम ताबडतोब हवेत, श्रमिकाच्या देहाची जबाबदारी मात्र सवडीने! सार्वजनिक आरोग्य विम्याचे भूषण मिरविणाऱ्या कॅनडात या अन्यायाला ‘प्रतीक्षाकाळ’ असे सोज्ज्वळ नाव देण्यात आले आहे.

कॅनडाचा हा विमा कोणा दयाळू धनिकाची देणगी नव्हे. सॅस्कॅचेवान प्रांतात टॉमी डग्लस यांच्या नेतृत्वाखाली सीसीएफ या समाजवादी पक्षाने त्याचा पाया घातला. १ जुलै १९६२ रोजी, डग्लस यांचे उत्तराधिकारी वुड्रो लॉइड प्रांताचे प्रमुख असताना, तो अमलात आला. त्याच दिवशी डॉक्टरांनी संप पुकारला. तो २३ दिवस चालला, पण विमा टिकला. पुढे १९६६ चा केंद्रीय कायदा झाला आणि १९७२ पर्यंत सर्व प्रांत या व्यवस्थेत सामील झाले. रोग्याचा खिसा पाहावयाचा नाही, रोग पाहावयाचा, हे साधे तत्त्व या लढ्यातून प्रस्थापित झाले.

मग या तत्त्वाला प्रतीक्षाकाळाची कीड लागली कोठून? १९८४ च्या कॅनडा आरोग्य कायद्याने नव्याने येणाऱ्या रहिवाशाला जास्तीत जास्त तीन महिने थांबविण्याची मुभा प्रांतांना दिली. या मुभेत एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात जाणाऱ्याचे नुकसान होत नाही; मधल्या काळात त्याचा खर्च पूर्वीचा प्रांत उचलतो. तेथे हा काळ म्हणजे दोन कचेऱ्यांमधील हिशेबाची सोय आहे. परंतु पंजाबातून, फिलिपिन्समधून किंवा मेक्सिकोतून येणाऱ्या कामगाराचा ‘पूर्वीचा प्रांत’ कोणता? त्याच्या बाबतीत ही सोय उघड्या खड्ड्याचे रूप घेते. जो नियम नागरिकाला केवळ कागद बदलावयास लावतो, तोच नियम परक्याला तीन महिने निराधार करतो. नियम समान, परिणाम मात्र विषम!

याहून कटू सत्य पुढे आहे. ऑन्टॅरियो प्रांतात हा तीन महिन्यांचा अडसर १९९४ मध्ये घातला गेला, तेव्हा सत्तेवर बॉब रे यांचे न्यू डेमोक्रॅटिक पक्षाचे सरकार होते. टॉमी डग्लस हेच ज्या पक्षाचे पहिले राष्ट्रीय नेते, तोच हा पक्ष. १९९३ मध्ये सरकारी कर्मचाऱ्यांच्या वेतनाला ‘सामाजिक करारा’च्या नावाखाली कात्री लावून झाल्यावर, तुटीच्या धाकाने गांगरलेल्या या सरकारला ज्यांच्या हाती मतपत्रिका नाही असे नवागत सापडले. अर्थसंकल्पाचा तोल सांभाळताना सर्वांत मुक्या माणसावर भार टाकणे हा भांडवलशाहीचा जुना रिवाज आहे. समाजवादी म्हणविणाऱ्यांनीही तो गिरवावा, ही शोकांतिका होय. २००१ मध्ये प्रांताच्या अपील न्यायालयानेही हा नियम ग्राह्य ठरविला. अखेर मार्च २०२० मध्ये तो हटविला डग फोर्ड यांच्या कॉन्झर्व्हेटिव्ह सरकारने, आणि तोही समतेच्या प्रेमाने नव्हे, तर महामारीच्या भयाने. शेजारी उपचाराविना खोकत राहिला तर धनिकाचे घरही सुरक्षित राहत नाही, एवढे शहाणपण विषाणूने शिकविले.

तेव्हापासून ऑन्टॅरियोतील विमा काही कोसळलेला नाही. प्रतीक्षाकाळाशिवाय सार्वजनिक विमा चालूच शकत नाही, हा सव्वीस वर्षे ऐकविला गेलेला युक्तिवाद व्यवहारानेच निकालात काढला. तरीही ब्रिटिश कोलंबियात आगमनाच्या महिन्याचे उरलेले दिवस आणि त्यापुढील दोन महिने थांबण्याचा नियम आहे. क्युबेकमध्येही अनेक नवागतांना तीन महिन्यांपर्यंत थांबावे लागते.

या नियमाचे कैवारी म्हणतात की, दार उघडे ठेवले तर जगभरचे रोगी फुकट उपचारासाठी लोटतील. हे म्हणणे तपासून पाहिले पाहिजे. भारतासारख्या देशातून सहा महिन्यांहून अधिक काळासाठी जाणाऱ्या कामगाराला मुळात वैद्यकीय तपासणी करून घ्यावी लागते. छाती, रक्त, लघवी तपासून, सुदृढ ठरवून, मगच त्याला आत घेतले जाते. बैल बाजारात दात पाहून घ्यावा, तसा हा व्यवहार! आणि इतके पारखून घेतलेल्या माणसावर, तो दुखणे लपवून आला असेल, असा संशय घेतला जातो. ज्याची प्रकृती त्याच्या निवडीचे कारण ठरली, तिच्या रक्षणाचा प्रश्न आला की तोच फसवा ठरतो, हे कोणते तर्कशास्त्र? शिवाय टाळलेला उपचार म्हणजे वाचलेला पैसा नव्हे. आज न तपासलेला रक्तदाब किंवा न बांधलेली जखम उद्या अधिक खर्चाची होऊन तातडीच्या कक्षात पोहोचते.

दुसरा बचाव असा की, २०२२ पासून केंद्रीय नियमांनी बहुतेक मालकांवर मधल्या काळासाठी खाजगी विमा काढण्याचे बंधन घातले आहे. हे बंधन नसण्यापेक्षा बरे, एवढेच त्याविषयी म्हणता येईल. तो विमा तातडीच्या उपचारांपुरता आणि मालकाच्या हातचा. परवाना एकाच मालकाशी जखडलेला असतो, तेव्हा दुखणे सांगणे म्हणजे नोकरी धोक्यात घालणे, हे मजुराला कोणी शिकवावे लागत नाही.

म्हणूनच केवळ प्रतीक्षाकाळ काढल्याने प्रश्न संपत नाही. ऑन्टॅरियोत आजही सर्वसाधारण परदेशी कामगाराला विम्यासाठी वैध परवाना आणि प्रांतातील मालकाकडे किमान सहा महिन्यांचे पूर्णवेळ काम दाखवावे लागते. हंगामी शेतमजुरांची योजना १९६६ मध्ये जमैकातील मजुरांपासून सुरू झाली. वर्षाकाठी जास्तीत जास्त आठ महिन्यांसाठी येणाऱ्या या मजुरांना ऑन्टॅरियोत प्रतीक्षाकाळातून सूट होती, विम्याचे कार्ड होते. तरीही २००१ ते २०११ या काळात तेथील ७८७ स्थलांतरित शेतमजूर मुदतीपूर्वी मायदेशी धाडले गेल्याचे एका वैद्यकीय अभ्यासात आढळले; त्यांतील सर्वाधिक आजारपण, शस्त्रक्रिया किंवा इजा या कारणांनी गेले होते. रोग्याला बरे करण्याऐवजी रोगीच देशाबाहेर पाठविण्याची ही चिकित्सा! आरोग्याचा हक्क मालकाच्या मर्जीवरील परवान्याला बांधला, की हातात कार्ड असूनही तो निष्प्राण होतो.

याहून वेगळे काही शक्यच नाही काय? जर्मनीत नोकरदाराचा सार्वजनिक आरोग्य विमा नोकरीच्या पहिल्या दिवसापासून लागू होतो. वर्गणीचा भार कामगार व मालक वाटून घेतात. ही व्यवस्था १८८३ ची, आणि ती आणणारा बिस्मार्क समाजवाद्यांवर बंदीचे कायदे लादणारा होता. त्या व्यवस्थेलाही छिद्रे आहेत. ७० दिवसांपर्यंतच्या हंगामी कामावरील मजूर तिच्या बाहेर राहतात. पण जे प्रतिगाम्याला जमले, ते पुरोगाम्यांना अशक्य वाटावे, हे नवल आहे.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठविण्याचा करार केला. मनुष्यबळ पाठविणाऱ्या प्रत्येक करारात पहिल्या दिवसापासूनच्या सार्वजनिक विम्याचे कलम असलेच पाहिजे. परंतु अशी मागणी करणाऱ्याचे स्वतःचे अंगण स्वच्छ हवे. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेचे दार सर्वसाधारणपणे राज्याची शिधापत्रिका किंवा अधिवास प्रमाणपत्र दाखविल्यावर उघडते, आणि अधिवासासाठी १५ वर्षांचे वास्तव्य लागते. बिहार-उत्तर प्रदेशातून मुंबई-पुण्याच्या इमारती उभारावयास आलेल्या ज्या मजुराचे नाव केंद्राच्या योजनेच्या यादीत नाही, त्याने काय करावे? कॅनडाच्या ९० दिवसांवर बोट ठेवताना या १५ वर्षांकडे डोळेझाक करता येणार नाही.

जेथे श्रम, तेथे हक्क; आणि ज्या दिवशी श्रम, त्याच दिवशी हक्क. हा हक्क मालकाने नव्हे, समाजाने द्यावयाचा आहे. कामगार चळवळीने याहून कमी मागणे म्हणजे नवागत बांधवाला वेशीबाहेर ठेवण्यास संमती देणे होय.