दलला जा, पण आधी अधारताल

श्रीनगरच्या दल सरोवरात शिकाऱ्यातून फिरावं, हाऊसबोटीत राहावं, समोर झबरवानचे डोंगर पाहावेत. ते सुख खरंच मोठं आहे. पण जबलपूरकरांनो, ज्या अधारतालवरून आपण रोज जातो, तेही तळंच आहे. राणी दुर्गावतीचे मंत्री आधारसिंह यांनी ते बांधल्याचं सांगतात. राणीच्या नावाचा राणीताल, तिच्या दासीचा चेरीताल. १५६४ मध्ये राणीला रणात मरण आलं, तळी मागे राहिली. पुढे शहर वाढलं आणि कित्येक ताल फक्त वस्त्यांच्या नावांत उरले. याचं मला फार वाईट वाटतं. दलमधली पाणवेल माणसं सतत उपसतात, म्हणून तिथं शिकारा चालतो. अधारतालला तेवढी माया आपणच लावायला हवी. मुलांना काश्मीर दाखवाच, पण त्याआधी एका रविवारी या काठावर घेऊन या.