दुष्यंताची वकिली

'शाकुंतला'वर लिहिणारे कित्येक टीकाकार मोठ्या समाधानानें सांगतात कीं, दुर्वासाचा शाप आणि अंगठी यांची योजना करून कालिदासानें नायकाचा कलंक धुऊन काढला. या समाधानांत आम्हांस वांटा नको. महाभारताच्या आदिपर्वांत शाप नाहीं आणि अंगठीही नाहीं. तेथें राजाला सर्व कांहीं आठवत असतें. तरीही भरसभेंत तो शकुंतलेला व तिच्या मुलाला ओळख देत नाहीं. आकाशवाणी झाल्यावर तो कबूल करितो कीं, नुसत्या तिच्या शब्दावर पुत्राचा स्वीकार केला असता तर लोकांनीं संशय घेतला असता. एवढा पराक्रमी राजा, आणि भितो कशाला, तर लोक काय म्हणतील याला! हा भित्रेपणा ज्यानें आपल्या घरांत कधींच पाहिला नाहीं, असा वाचक आम्हांस कोणीं दाखवावा.

नवल हें कीं, शापाची ही सबब खुद्द कालिदासालाही पुरेशी वाटलेली दिसत नाहीं. पांचव्या अंकाच्या आरंभींच उपेक्षित हंसपदिकेचें गाणें राजाच्या कानीं पडतें. तिला विसरण्यास कोणत्या ऋषीचा शाप कारण झाला होता? कवीनें मुद्दाम उघडें ठेविलेलें हें दार टीकाकारांनीं लावून कां घ्यावें? नायकाचे दोष शापाआड दडविण्याची संवय एकदां जडली, कीं मनुष्य स्वतःच्या चुकीसाठींही एखादा दुर्वास शोधूं लागतो.